'माय फादर आर अ फार्मर' : इंग्रजीतील चुकांमागचे व्याकरण

एखाद्या विद्यार्थ्याच्या इंग्रजीच्या वहीत एकाखाली एक आलेली ही वाक्ये पाहा.

'माय फादर आर अ फार्मर. दे गो टू द फील्ड.'
'माय मदर इज अ फार्मर. शी गोज टू द फील्ड.'

(या लेखात इंग्रजी वाक्ये उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. वर्गात फळ्यावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.)

वही तपासताना आपण पहिल्या ओळीतील 'आर' खोडून 'इज' करतो, 'दे गो' खोडून 'ही गोज' करतो आणि पुढे जातो. 'याला अजून इज आणि आर कळत नाही' असा शेराही मनात उमटतो. पण दुसरी ओळ या शेऱ्याच्या विरोधात साक्ष देते. ज्याला 'इज' आणि 'आर' यांतील फरक कळत नाही, त्याने आईबद्दल लिहिताना 'इज' आणि 'गोज' बिनचूक कसे लिहिले?

याचे उत्तर मराठीत आहे. आपण म्हणतो, 'माझे वडील शेतकरी आहेत, ते शेतात जातात.' वडील एकच असले तरी आदरासाठी बहुवचन येते. आईला मात्र आपण जवळिकीने एकवचनात ठेवतो : 'माझी आई शेतकरी आहे, ती शेतात जाते.' विद्यार्थ्याला एकवचन-बहुवचनाचा इंग्रजी नियम ठाऊक आहे आणि त्याने तो काटेकोरपणे पाळलाही आहे. फक्त वडिलांचे वचन त्याने मराठीप्रमाणे मोजले. इंग्रजीत आदर क्रियापदाच्या वचनातून दाखवत नाहीत, एवढी एकच गोष्ट त्याला सांगायची राहिली आहे. ती न सांगता नुसता 'आर' खोडला, तर पुढच्या आठवड्यात 'अवर हेडमास्टर आर व्हेरी स्ट्रिक्ट' हे वाक्य येणार हे नक्की. ती सांगितली, तर वडील, आजोबा, हेडमास्तर आणि शिवाजी महाराज या सर्वांविषयीची वाक्ये एकदम सुधारतात.

चूक खोडणे आणि चुकीचे कारण शोधणे यांत असा मोठा फरक आहे. इंग्रजी वाक्यांतील नेहमीच्या चुका कशा ओळखाव्यात, त्यांची मुळे कोठे असतात आणि त्या कशा दुरुस्त कराव्यात, हे या लेखात पाहू.

हा प्रश्न विज्ञान शिक्षकांचाही आहे

भोर-वेल्हे परिसरातील वाड्यावस्त्यांवरचा विद्यार्थी बहुधा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतो. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी हा विषय सन २००० मध्ये सुरू झाला. त्याआधी तो पाचवीपासून असे. त्यामुळे इंग्रजी त्याला अगदीच परके नसते. पण अकरावीला शास्त्र शाखा घेतली, की पाठ्यपुस्तक, प्रयोगवही, प्रश्नपत्रिका असे सारेच इंग्रजीत येऊन उभे राहते. बीज का रुजले नाही, हे त्याला नीट कळलेले असते. ते चार वाक्यांत लिहायचे म्हटले की पेन अडते.

लाल शाईने भरलेली वही दोन-चार वेळा हाती पडली, की असा विद्यार्थी एक पळवाट शोधतो. तो स्वतःची वाक्ये लिहिणे सोडून गाईडमधील उत्तरे पाठ करतो. पाठ केलेल्या उत्तरात व्याकरणाच्या चुका नसतात, पण विद्यार्थ्याचे आकलनही नसते. त्याला विषय किती समजला आहे, हे कळण्याचे साधनच शिक्षकांच्या हातून जाते. म्हणून मुलाने स्वतः रचलेले चुकीचे वाक्य हे पाठ केलेल्या बरोबर वाक्यापेक्षा आपल्या अधिक उपयोगाचे आहे.

चुकांचा अभ्यास

दुसरी भाषा शिकताना होणाऱ्या चुकांचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढीस लागला. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये असे मांडले, की मातृभाषा आणि नवी भाषा यांची रचना शेजारी ठेवून ताडून पाहिली, तर विद्यार्थ्याला कोठे अडचण येईल याचा अंदाज आधीच बांधता येतो. वडिलांचे उदाहरण या मताला पुष्टी देणारे आहे.

पण सर्वच चुका अशा नसतात. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून 'हा वग आहे' असे सांगितले. मग तसे दोन प्राणी दाखवून 'आता हे दोन काय आहेत?' असे विचारले. मुलांनी पूर्वी कधीही न ऐकलेल्या या शब्दाचे 'वग्ज' असे अनेकवचन केले. मुले नुसती ऐकलेल्या शब्दांची नक्कल करीत नाहीत, ती नियम शोधून काढतात आणि नव्या शब्दांना लावतात, हे यावरून दिसले. असा नियम जेथे लागू नाही तेथेही लावला, की 'गोड', 'चाइल्ड्स' अशी रूपे तयार होतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, ती मुलेही अशी रूपे बोलतात.

पुढे १९६७ मध्ये एडिंबरो येथील पिट कॉर्डर यांनी चुकांकडे पाहण्याची दिशाच बदलली. विद्यार्थ्याच्या चुका म्हणजे त्याने मनात बांधलेल्या नियमांचा पुरावा आहे, असे त्यांनी म्हटले. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मनातल्या व्यवस्थेला नावही दिले. त्याला मराठीत आपण 'मधली भाषा' म्हणू. ही भाषा धड मराठी नसते आणि धड इंग्रजीही नसते. तिला स्वतःचे नियम असतात आणि शिकत जाऊ तसे ते नियम बदलत जातात.

कॉर्डर यांनी आणखी एक भेद केला, तो वर्गात फार उपयोगी पडतो. काही चुका घाईत, थकव्यात निसटलेल्या असतात आणि काही नियम न कळल्यामुळे झालेल्या असतात. दोन्ही कागदावर सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या करण्याची चाचणी सोपी आहे. वाक्य विद्यार्थ्याला परत द्यावे आणि 'यात एक चूक आहे, शोध' एवढेच सांगावे. त्याने ती स्वतः दुरुस्त केली तर ती निसटलेली चूक होती. तिच्यावर तासभर शिकवण्याची गरज नाही. दहा मिनिटे पाहूनही त्याला ती सापडली नाही, तर तेथे शिकवण्याजोगे काही आहे.

मराठीची छाया

आता मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका घेऊ. प्रथम मराठीच्या रचनेतून येणाऱ्या.

*'इट इज रेनिंग सिन्स यस्टर्डे.'* पावसाळ्यात भोर-वेल्ह्यात हे वाक्य लिहिण्याची वेळ वारंवार येते. मराठीत 'कालपासून पाऊस पडतो आहे' असे आपण वर्तमानकाळात म्हणतो. काल सुरू होऊन आजही चालू असलेल्या क्रियेसाठी इंग्रजीला वेगळे रूप लागते : 'इट हॅज बीन रेनिंग सिन्स यस्टर्डे.' याच वाक्याचे भावंड म्हणजे 'आय ॲम लिव्हिंग इन भोर सिन्स टू इयर्स.' येथे दोन चुका आहेत. एक काळाची आणि दुसरी 'सिन्स'ची. मराठीतला '-पासून' हा 'कालपासून' आणि 'दोन वर्षांपासून' अशा दोन्ही ठिकाणी चालतो. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स' आणि मधला कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर' : 'आय हॅव बीन लिव्हिंग इन भोर फॉर टू इयर्स.' कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता येत असेल तर 'सिन्स', मोजता येत असेल तर 'फॉर', असे सांगितले की मुलांच्या लक्षात राहते.

*'ही डिडन्ट केम.'* मराठीत 'तो आला' या वाक्याचा नकार करताना 'आला' हे रूप तसेच राहते, पुढे फक्त 'नाही' येते. इंग्रजीत नकारासाठी 'डिड' आणावा लागतो आणि भूतकाळाची खूण तो आपल्याकडे घेतो. मागचे क्रियापद मूळ रूपात येते : 'ही डिडन्ट कम.' 'डज' हाही असेच करतो. 'डज शी गोज?' चुकीचे, कारण 'गोज'मधला 'स' 'डज'ने आधीच घेतलेला आहे. खूण एकच आहे आणि ती एकाच ठिकाणी लागते, हा नियम दोन्हींना पुरतो. मात्र इंग्रज मुलेही लहानपणी 'डिडन्ट केम'सारखी वाक्ये बोलतात. म्हणजे या चुकीमागे मराठीची छाया आणि इंग्रजीचा स्वतःचा अवघडपणा अशी दोन्ही कारणे असू शकतात.

*'वेट अनटिल द वॉटर डज नॉट बॉइल.'* हे तर थेट 'पाणी उकळत नाही तोपर्यंत थांबा' याचे रूप आहे. मराठीला येथे 'नाही' लागतो. इंग्रजीत तो नको असतो : 'वेट अनटिल द वॉटर बॉइल्स.' 'अनलेस'चेही तसेच. त्याच्या अर्थातच 'नाही' सामावलेला असल्याने पुन्हा 'नॉट' घातला, की अर्थ उलटा होतो.

*'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट टू स्कूल.'* मराठीत 'जरी' आला की 'तरी' येतोच. 'जेव्हा-तेव्हा', 'जर-तर' अशा जोड्यांनी आपले वाक्य बांधलेले असते. इंग्रजीला 'ऑल्दो' आणि 'बट' यांपैकी एकच पुरतो. दोघांपैकी कोणताही एक काढला की वाक्य बरोबर होते.

*'वुई रीच्ड टू पुणे. टीचर आस्क्ड टू मी. वुई डिस्कस्ड अबाउट द एक्स्पेरिमेंट.'* पुण्याला पोहोचलो, मला विचारले, प्रयोगाबद्दल चर्चा केली. मराठीत अशा ठिकाणी नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागते, म्हणून विद्यार्थी त्याचा इंग्रजी प्रतिनिधी शोधून बसवतो. 'रीच', 'आस्क', 'डिस्कस', 'एंटर', 'मॅरी' ही क्रियापदे कर्माला सरळ जोडली जातात. उलट काही ठिकाणी अव्यय लागते, पण आपल्याला वाटते ते नव्हे. 'तो माझ्यावर रागावला' याचे 'अँग्री ऑन मी' होत नाही, 'अँग्री विथ मी' होते. अशा क्रियापदांची वर्गात एक छोटी यादी करून भिंतीवर लावणे हाच खात्रीचा उपाय, कारण येथे सर्वांना लागू पडेल असा नियम नाही.

*'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग. आय ॲम सीइंग टू बर्ड्स.'* मराठीत 'मला समजत नाही आहे', 'मला दोन पक्षी दिसत आहेत' हे सहज चालते. इंग्रजीत समजणे, दिसणे, माहीत असणे, मालकीचे असणे या क्रिया नसून स्थिती मानल्या जातात आणि त्यांना सहसा '-इंग' लागत नाही. म्हणून 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'आय सी टू बर्ड्स'. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हेही याच घरातले.

*'दिस सिझर इज शार्प.'* आपली कात्री एक, चष्मा एक, प्रयोगशाळेतला चिमटाही एकच. इंग्रजीत त्यांना दोन पाती, दोन भिंगे, दोन पाय म्हणून अनेकवचन : 'दीज सिझर्स आर शार्प.' एकच असे सांगायचे असेल तर 'अ पेअर ऑफ' लावावे. याच्या उलट, आपले केस अनेक असतात म्हणून विद्यार्थी 'माय हेअर्स आर ब्लॅक' लिहितो. डोक्यावरच्या सर्व केसांना मिळून इंग्रजीत 'हेअर' हे एकवचन पुरते.

मराठीवर न येणाऱ्या चुका

प्रत्येक चुकीचे खापर मराठीवर फोडणेही बरोबर नाही. 'इन्फर्मेशन्स' हा शब्द घ्या. मराठीत 'माहिती'चे अनेकवचन आपण करीत नाही, 'माहित्या' कोणी म्हणत नाही. म्हणजे मराठीप्रमाणे चालला असता, तर विद्यार्थी चुकलाच नसता. त्याने 'स' लावून अनेकवचन होते हा इंग्रजी नियमच गरजेपेक्षा पुढे नेला. 'इक्विपमेंट्स' मात्र दोन्हींकडून येऊ शकतो, कारण मराठीत 'उपकरणे' आहेत. असा शोध शिक्षकांनी मुलांबरोबर घेतला तर मुलांना त्यात चांगलीच गोडी वाटते.

*'तोरणा इज मोअर हायर दॅन सिंहगड.'* उंचीचा क्रम बरोबर आहे, पण तुलनेची खूण दोनदा लागली आहे. '-अर' लावला की 'मोअर' नको : 'तोरणा इज हायर दॅन सिंहगड.'

*'द बॉय रन. द बॉइज रन्स.'* ही सर्वांत चिवट चूक आहे. मराठी क्रियापद प्रत्येक पुरुषात बदलते : जातो, जातोस, जाते, जातात. त्यामुळे क्रियापद बदलण्याची मुलांना सवय असते. घोटाळा 'स'चा आहे. नामाला लागलेला 'स' अनेकवचन दाखवतो हे मुले आधी शिकतात. मग एक मुलगा धावतो तेव्हा क्रियापदाला 'स' लावायचा आणि अनेक धावतात तेव्हा काढायचा, हे त्यांना उलटे वाटते आणि ते तसे वाटणे स्वाभाविक आहे. अशा साध्या वाक्यांत 'स' एकदाच येतो, नामाला तरी किंवा क्रियापदाला तरी, ही खूण सुरुवातीला उपयोगी पडते.

*'द कलर ऑफ द लीव्ह्ज आर ग्रीन.'* येथे कर्ता 'कलर' आहे, पण क्रियापदाच्या शेजारी 'लीव्ह्ज' बसला आहे आणि क्रियापद शेजाऱ्याप्रमाणे वागले आहे. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इंग्रजी मातृभाषा असलेली मोठी माणसेही कर्ता एकवचनी असताना मध्ये अनेकवचनी नाम आले की अशी चूक करतात, असे दिसले. म्हणून ही चूक विद्यार्थ्याने केली तर ती अज्ञानाची मानू नये. 'ऑफ'पासूनचा भाग बोटाने झाकून वाक्य वाचायला सांगावे. 'द कलर आर' हे कानालाच खटकते.

शिकवण्यातून येणारी चूक

'आय ॲम गो टू स्कूल' हे वाक्य पाचवी-सहावीच्या वह्यांत नेहमी दिसते. मराठीत 'मी शाळेत जातो', त्यात 'आहे' नाही. मग हा 'ॲम' आला कोठून? आपण पहिल्या धड्यांत 'आय ॲम अ बॉय', 'आय ॲम अ गर्ल', 'ही इज माय ब्रदर' अशी वाक्ये महिनोन्महिने घोकून घेतो. मुलाच्या मनात 'आय ॲम' हा अखंड शब्द होतो आणि त्याचा अर्थ 'मी' असा बसतो. 'ही इज' म्हणजे 'तो'. मग 'मी जातो' म्हणजे 'आय ॲम गो'. मुलाचे गणित बिनचूक आहे, त्याला दिलेली उदाहरणे एकाच साच्याची होती. पहिल्या आठवड्यापासूनच 'आय रन', 'आय ईट', 'आय लाइक मँगोज' अशी वाक्ये 'आय ॲम'च्या जोडीने दिली, तर ही गाठ बसतच नाही.

अर्थ बदलणाऱ्या चुका

'ही गो टू स्कूल' यात व्याकरण चुकले तरी अर्थ पोहोचतो. काही चुकांत मात्र वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर दिसते आणि अर्थच बदलतो. विज्ञानाच्या उत्तरात त्या सर्वांत महत्त्वाच्या.

'द टेम्परेचर इन्क्रीज्ड बाय टेन डिग्रीज' आणि 'द टेम्परेचर इन्क्रीज्ड टू टेन डिग्रीज' ही वाक्ये पाहा. पहिल्यात तापमान दहा अंशांनी वाढले, दुसऱ्यात ते दहा अंशांपर्यंत वाढले. सुरुवातीचे तापमान चार अंश असेल, तर पहिल्या वाक्याने ते चौदा होते आणि दुसऱ्याने दहा. मराठीत '-नी' आणि '-पर्यंत' यांत आपण कधी गफलत करीत नाही. 'बाय म्हणजे -नी, टू म्हणजे -पर्यंत' एवढे सांगितले की काम भागते.

'फ्यू सीड्स जर्मिनेटेड' आणि 'अ फ्यू सीड्स जर्मिनेटेड' यांत फरक एका अक्षराचा आहे. पहिल्याचा अर्थ 'फारच थोडी बीजे रुजली', म्हणजे प्रयोग जवळपास फसला. दुसऱ्याचा अर्थ 'काही बीजे रुजली', म्हणजे यश मिळाले. मराठीत हे काम 'थोडीच' मधला 'च' करतो. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचेही तसेच.

'वॉटर बॉइल्स ॲट हंड्रेड डिग्रीज' हा सामान्य वातावरणदाबाला लागू असणारा नियम आहे. 'द वॉटर इज बॉइलिंग' हे या क्षणी समोरच्या चंचुपात्रात काय चालले आहे त्याचे वर्णन आहे. नियम सांगताना साधा वर्तमानकाळ आणि निरीक्षण सांगताना '-इंग', हा भेद मराठीतही आहे : 'पाणी शंभर अंशांना उकळते' आणि 'पाणी उकळत आहे'. येथे मराठीची छाया अडथळा न होता मदतीला येते.

देवनागरीची मदत

'अ' आणि 'ॲन' यांचा नियम पुस्तकात 'स्वर असेल तर ॲन' असा असतो. विद्यार्थी स्पेलिंगमधील पहिले अक्षर पाहतात आणि 'ॲन युनिव्हर्सिटी', 'अ अवर' असे लिहितात. नियम उच्चाराचा आहे, लिखित अक्षराचा नाही. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालत असल्याने तिचा येथे फार चांगला उपयोग होतो. शब्द देवनागरीत लिहून पाहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी'त आधी 'य' आहे, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अवर'मध्ये 'अ' आहे, म्हणून 'ॲन अवर'. 'ऑनेस्ट' म्हणून 'ॲन ऑनेस्ट मॅन', 'वन' म्हणून 'अ वन-रुपी कॉइन', 'एक्स-रे' म्हणून 'ॲन एक्स-रे'. इंग्रजीच्या तासाला देवनागरी वर्ज्य मानणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे.

जुन्या पिढीतील अनेकांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी गिरवले. भाषांतराची ती पद्धत पुढे मागे पडली. पण दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहण्याचा तिचा गुण टाकून देण्याजोगा नव्हता.

वाक्य कसे तपासावे?

विद्यार्थ्याला 'नीट तपास' असे सांगून काही होत नाही. एकाच वाचनात सर्व चुका शोधायला गेले तर एकही धड सापडत नाही. ठरावीक क्रमाने, प्रत्येक वेळी एकच गोष्ट पाहत, वाक्य वाचावे.

१. क्रियापद शोधून त्याखाली रेघ ओढावी. क्रियापदच नसेल तर वाक्य अपुरे आहे.
२. कर्ता शोधावा. मधला 'ऑफ'चा भाग झाकून कर्ता आणि क्रियापद यांचे वचन जुळते का ते पाहावे.
३. 'डू', 'डज', 'डिड' असेल तर पुढचे क्रियापद मूळ रूपात आहे का ते पाहावे.
४. क्रिया केव्हा घडली हे स्वतःला विचारून काळ तपासावा. 'सिन्स' किंवा 'फॉर' दिसला तर विशेष लक्ष द्यावे.
५. 'ऑल्दो-बट', 'मोअर-हायर', 'अनटिल-नॉट' अशा दुहेरी खुणा शोधाव्यात.
६. प्रत्येक एकवचनी नामासमोर 'अ', 'ॲन', 'द' किंवा 'माय', 'दिस' यांसारखा शब्द हवा का, ते शेवटी पाहावे.

आता हे वाक्य घेऊ : 'ऑल्दो वुई केप्ट द सीड्स इन वॉटर, बट दे डिडन्ट जर्मिनेटेड. द कलर ऑफ द सीड्स आर नॉट चेंजिंग सिन्स थ्री डेज.'

दुसऱ्या पायरीला 'द कलर आर' सापडतो. तिसऱ्या पायरीला 'डिडन्ट जर्मिनेटेड'. चौथ्या पायरीला 'आर नॉट चेंजिंग सिन्स थ्री डेज' : तीन दिवस हा मोजता येणारा कालावधी, म्हणून 'फॉर' आणि मागून आजपर्यंत आलेली स्थिती, म्हणून 'हॅज'. पाचव्या पायरीला 'ऑल्दो-बट'. दुरुस्त रूप असे होईल : 'ऑल्दो वुई केप्ट द सीड्स इन वॉटर, दे डिड नॉट जर्मिनेट. द कलर ऑफ द सीड्स हॅज नॉट चेंज्ड फॉर थ्री डेज.' दोन वाक्यांत पाच चुका होत्या. तरीही बीजे पाण्यात ठेवली, ती रुजली नाहीत आणि तीन दिवसांत रंग बदलला नाही, ही तिन्ही निरीक्षणे मूळ उत्तरात पूर्णपणे आलेली आहेत. विज्ञानाचे गुण देताना याचा विसर पडू नये.

वर्गात काय करता येईल?

एक 'चुकांची वही' ठेवावी. आठवडाभर तपासलेल्या वह्यांतून दहा-बारा वाक्ये विद्यार्थ्यांची नावे न लिहिता तीत उतरवून घ्यावीत. शनिवारी ती फळ्यावर लिहून मुलांनाच त्यांचे चार गट करायला सांगावे : मराठीतून आलेल्या, इंग्रजीचा नियम ताणल्यामुळे झालेल्या, घोकंपट्टीतून आलेल्या आणि नुसत्या निसटलेल्या. काही वाक्यांवर वाद होतील आणि काही दोन गटांत बसतील. ते तसेच ठेवावे.

वही तपासताना एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर खूण करावी. या आठवड्यात फक्त 'डिड'ची, पुढच्या आठवड्यात फक्त वचनाची. खूण करताना दुरुस्ती लिहून देऊ नये, समासात नुसती फुली मारावी आणि शोध विद्यार्थ्यावर सोपवावा. चुकांचा क्रमही ठरवून घ्यावा. अर्थ बदलणारी चूक सर्वांत आधी, पुन्हा पुन्हा येणारी त्यानंतर आणि निसटलेली सर्वांत शेवटी. 'आय गेव्ह द एक्झाम' किंवा 'आय विल कम टुडे ओन्ली' यांसारखी भारतात सर्रास बोलली जाणारी वाक्ये तर या यादीत आणखी खाली जातील. औपचारिक लेखनात ती टाळावीत, एवढे सांगणे पुरे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रयोगवहीतील एक पान घेऊन वरील सहा पायऱ्यांनी ते स्वतः तपासावे आणि सापडलेल्या प्रत्येक चुकीसमोर तिचे मराठी मूळ लिहून पाहावे. जेथे मूळ सापडणार नाही, तेथे प्रश्नचिन्ह ठेवावे. महिन्याभराने तेच पान पुन्हा काढले, की कोणत्या चुका गेल्या आणि कोणत्या टिकल्या हे त्यांचे त्यांना मोजता येईल.